गडग्याच्या आत आणि गडग्यापलीकडे

पहाटे खुराड्याची फळी सरकवली की कोंबड्या ठरलेल्या क्रमाने बाहेर पडतात. पुढे कोण, मागे कोण, याचा निवाडा त्यांच्यात कधीच होऊन गेलेला असतो. रोज पुढे असणारी एखादी मागे रेंगाळली, पंख ढिले सोडून कोपऱ्यात उभी राहिली, की दिवसाचं पहिलं काम ठरलं. कोंडा कालवून, पाण्याची भांडी विसळून होईतो ऊन माडांच्या शेंड्यांवरून खाली उतरतं आणि गडग्याकडेच्या मधपेट्यांच्या दारांवर पडतं. मग दहा-पंधरा मिनिटं तिथे नुसतं बसायचं. परतणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या-केशरी गोळ्या दिसतात का, ते पाहायचं. पराग आत जातोय म्हणजे पिलावा, पोळ्यातली अंडी-अळ्यांची पैदास, आहे, आणि पिलावा आहे म्हणजे राणी अंडी घालते आहे. एवढं पेटी न उघडता कळतं.

या पुस्तकाच्या लेखिकेचा दिवस गेली अकरा वर्षं असा उजाडतो. दापोली तालुक्यातली दीड एकराची वाडी, वीस-बावीस कोंबड्या, सहा मधपेट्या, थोडे माड-पोफळी, काही आंबे-काजू आणि रोज रात्री लिहिलेली वही. त्या वह्यांतून हे पुस्तक उभं राहिलं. प्रस्तावना लिहायला मला सांगितलं तेव्हा मी आधी वह्या मागून घेतल्या. छापील मजकुरापेक्षा त्या जाड होत्या, आणि त्यांत कुठेही सलग चार दिवस कोरे नव्हते.

कोंबडीपालन आणि मधमाशीपालन यांवर मराठीत छापलेला कागद कमी नाही. पुस्तिका आहेत, प्रशिक्षण वर्गांच्या टिपणवह्या आहेत, कृषी मासिकांतले यशोगाथांचे रकाने आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा आरंभ आणि शेवट एकाच शब्दाने होतो: जोडधंदा. या शब्दाने दोन्ही जीवांचं मोठं नुकसान केलं आहे असं माझं मत आहे. जोडधंदा म्हटला की कोंबडी वर्षाला किती अंडी देते आणि पेटी किती किलो मध देते, हे दोनच आकडे उरतात. पक्ष्याचा आणि कीटकाचा स्वभाव, त्यांच्या मागे लागणारा माणसाचा वेळ, त्यांच्यामुळे बदलणारं घर, शेजार आणि झाडांकडे पाहण्याची नजर यांना त्या हिशेबात रकानाच नाही. आणि छोट्या वाडीवर नेमकं तेच महत्त्वाचं असतं.

या दोघांना एकत्र ठेवून लिहिण्यात एक अर्थ आहे. कोंबडी गडग्याच्या आत राहते. तिचं जग म्हणजे खुराडं, अंगण, मांगराच्या मागची उकिरड्याची जागा. संध्याकाळी ती आपल्या पायाने घरी येते. पेटीत नांदणारी देशी सातेरी माशी मात्र गडगा जाणत नाही. पेटीपासून किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंतचं सगळं शिवार तिचं. शेजाऱ्याच्या काजूवर, देवराईतल्या जांभळीवर, पलीकडच्या वाडीतल्या शेवग्यावर ती जाते आणि तिथे जे फवारलं असेल ते घेऊन परत येते. कोंबडी तुम्हाला तुमच्या अंगणाशी बांधते, माशी गावाशी. दोन्ही एकाच माणसाने पाळल्या की त्याच्या दिवसाला दोन टोकं मिळतात, आणि या पुस्तकाचं सगळं बळ त्या दोन टोकांमधल्या ताणात आहे.

कोंबडीपासून सुरुवात करू, कारण ती आधी घरात आली. तिचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, आग्नेय आशियाच्या जंगलातला. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथे सापडलेली पाळीव कोंबडीची हाडं इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातली असल्याचं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटलं आहे. भात आणि भरडधान्याची शेती पसरली, तसा दाण्याच्या ओढीने हा पक्षी माणसाजवळ आला, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष. पण आपल्यासाठी त्याहून जवळची गोष्ट वेगळी आहे. जगभरच्या असंख्य कोंबड्यांची कातडी आणि पाय पिवळे असतात. त्या पिवळेपणाचं जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेलं नसून राखी रानकोंबड्याकडून आलं, हे २००८ साली सिद्ध झालं. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला. पहाटे दापोली-खेडच्या रानात त्याची खरखरीत, तुटक बांग ऐकू येते. लेखिकेच्या वहीत ती बांग ज्या ज्या दिवशी ऐकली त्याची नोंद आहे, आणि त्या बांगेला खुराड्यातल्या कोंबड्याने दिलेल्या उत्तराचीही.

कोंबड्यांमध्ये टोचण्याचा एक क्रम असतो, वरची खालचीला टोचते, हे विज्ञानाला १९२१ साली नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डरुप-एबे यांनी सांगितलं. लहानपणापासून ते कोंबड्यांपाशी बसून टिपणं ठेवत होते. प्राण्यांच्या समाजरचनेच्या एवढ्या मोठ्या अभ्यासाचं मूळ परसातल्या मूठभर कोंबड्यांकडे रोज पाहण्यात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. रोज पाहणारा माणूस नेहमी शास्त्रज्ञ होतो असं नाही, पण शास्त्र त्याच्याच वाटेवरून गेलेलं असतं.

आपल्याकडे परसातली कोंबडी पाळण्याची रीत शतकानुशतकं फारशी बदलली नव्हती. दिवसभर सोडायचं, संध्याकाळी मूठभर तांदूळ किंवा कणी टाकून झाकायचं. कोंबडी खुडूक बसली की टोपलीत पेंढा घालून खाली नऊ-दहा अंडी ठेवायची आणि एकविसाव्या दिवसाची वाट पाहायची. पिल्लं निघाली की पहिले काही आठवडे डालग्याखाली, कारण वर घार आणि खाली मुंगूस. अशी गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. आकडा छोटा दिसतो, पण या कोंबडीवर खर्चही जवळपास नसतो, आणि त्या अंड्यांचे पैसे घरातल्या बाईचे असतात. बाजारात चार अंडी विकून आलेल्या पैशाचा हिशेब सहसा तिला कोणी विचारत नाही. परसातल्या कोंबडीचं हे सामाजिक मोल अर्थशास्त्राच्या पुस्तकात क्वचित सापडतं. या पुस्तकात ते पानोपानी आहे.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत मात्र कोंबडीचं जग दुभंगलं, आणि त्या दुभंगाच्या केंद्रस्थानी महाराष्ट्र आहे. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज उभी केली, १९८२ साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली, आणि पुणे हे देशाच्या कोंबडी व्यवसायाचं मोठं ठाणं झालं. पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देऊ लागली. अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं, आणि हे यश नाकारणं खोटेपणाचं होईल. २०२३-२४ मध्ये देशात दरडोई वर्षाला १०३ अंडी उपलब्ध होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस मात्र १८० ची आहे. मोठ्या व्यवसायाशिवाय हे अंतर भरणार नाही.

तिसरा प्रवाह या दोन टोकांच्या मधला. परसात फिरू शकेल, रोगाला तोंड देईल आणि तरी गावठीपेक्षा बरीच जास्त अंडी देईल अशा सुधारित जाती संशोधन संस्थांनी तयार केल्या. गिरीराज बंगळूरची, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या. त्यांनी खेड्यापाड्यांत खरोखर भर घातली. २०१९ च्या पशुगणनेत परसातल्या पक्ष्यांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढून ३१ कोटींच्या पुढे गेली, त्यात या जातींचा वाटा आहे. पण त्यांची एक उणीव पुस्तिकांत दबक्या आवाजात सांगितली जाते: या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. जास्त अंड्यांसाठी निवड करत करत उबवण्याची ओढच मागे पडली. म्हणजे पिल्लांसाठी दर खेपेला उबवणी केंद्राच्या दारात जायचं. शिवाय अंगाने जड आणि उडायला मंद असल्याने कुत्र्याच्या तोंडी त्या लवकर सापडतात. लेखिकेने यावर काढलेला मार्ग कोकणात पुष्कळ बायका वापरतात: आई गावठी, अंडी सुधारित जातीची. चार गावठी कोंबड्या केवळ बसण्यासाठी सांभाळायच्या. माझ्या मते छोट्या वाडीला याहून शहाणी तडजोड नाही.

कोंबडी गडग्याच्या आत राहते असं मी वर म्हटलं, पण तिचा रोग राहत नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एका खुराड्यात शिरली की आठवड्यात वाडी साफ होते. हा रोग आपल्याकडे १९२७ साली उत्तराखंडातल्या राणीखेत इथे नोंदला गेला, त्यावरून त्याचं नाव पडलं. लस आहे आणि ती स्वस्त आहे. अडचण कुपीच्या मापाची आहे. एक कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांसाठी असते, फोडल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते, आणि आणताना बर्फात आणावी लागते. वीस कोंबड्यांच्या बाईने काय करावं? या वाडीवर उत्तर मिळालं ते असं: लसीचा एक दिवस ठरवायचा, सात घरांनी मिळून कुपी आणायची आणि सकाळी सहाला दारोदार थेंब घालत फिरायचं. पुस्तकातला हा मजकूर जेमतेम दोन पानांचा आहे, पण पशुवैद्यकीय खात्यातल्या प्रत्येकाने तो वाचावा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा मोठ्या शेडमधल्या कोंबड्यांबरोबर आसपासच्या परसांतल्याही मारल्या गेल्या. मोठा आणि छोटा व्यवसाय एकाच हवेत श्वास घेतात, हे त्या वर्षी सगळ्यांना कळलं.

आता माश्यांकडे. हा विषय अधिक खोल आहे आणि मराठी वाचकाला कमी ठाऊक आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याकडे पोळं बांधणाऱ्या देशी माश्या तीन. आग्या माशी उंच झाडाला, कड्याला, हल्ली इमारतींनाही एकच मोठं उघडं पोळं लावते. ती पेटीत राहत नाही. फुलोरी माशी झुडपात तळहाताएवढं पोळं बांधते. सातेरी अंधारात, झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात, एकाशेजारी एक समांतर पोळी बांधते. या समांतर पोळ्यांमुळेच ती पेटीत नांदू शकते. याखेरीज भिंतीच्या फटीत राहणारी, डंख नसलेली इवली पोयाची माशी आहे, आणि १९६२ साली कांगड्यातल्या नगरोटा बगवाँ इथे यशस्वीपणे रुजवली गेलेली युरोपीय मेलिफेरा.

मध गोळा करणं फार जुनं. मध्य भारतातल्या प्रागैतिहासिक गुहाचित्रांत पोळ्याशी लटकलेली माणसं आहेत. चरकाने मधाचे चार प्रकार सांगितले, सुश्रुताने आठ. कोणत्या माशीचा मध, यावरून हे प्रकार पडतात, म्हणजे माश्यांतला फरक आपल्याकडे नेमका ओळखला जात होता. पाळणं मात्र वेगळी गोष्ट. १८५१ साली अमेरिकेतल्या लोरेंझो लँगस्ट्रॉथ यांच्या ध्यानात आलं की दोन पृष्ठभागांमध्ये सुमारे नऊ मिलिमीटरची फट सोडली तर माश्या ती ना मेणाने भरतात ना डिंकाने. ती त्यांची ये-जा करण्याची वाट असते. या एका निरीक्षणातून सुट्या चौकटींची पेटी जन्मली. चौकट उचलायची, पाहायची, मध यंत्रात फिरवून काढायचा आणि रिकामं पोळं परत ठेवायचं. माशी मरत नाही, पिलावा चिरडला जात नाही. सातेरी अंगाने लहान, तिला पेटीही लहान लागते. ती १९१० च्या दशकात दक्षिणेत फादर न्यूटन यांनी बेतली आणि त्यांच्या नावाने ओळखली गेली. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा तेलघाणी आणि हातकागदाबरोबर मधमाशीलाही ग्रामोद्योगात जागा मिळाली. जीव न घेता मिळणारा मध, हा विचार त्या काळाशी जुळणारा होता.

महाराष्ट्रात या विद्येचं माहेर महाबळेश्वर. हिरडा, जांभूळ, गेळा, पिसा यांचे फुलोरे आणि सात-आठ वर्षांतून एकदा डोंगर निळाजांभळा करणारी कारवी, या सगळ्यांनी तिथला मध नावाजला. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथे आहे, आणि पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव ठरलं. ही परंपरा सातेरीची, एका जागी राहणाऱ्या मधपाळाची.

दुसरी परंपरा फिरत्या मधपाळाची. मेलिफेराच्या पेट्या ट्रकवर चढवायच्या आणि मोहरी, ओवा, सूर्यफूल, तीळ असा फुलोऱ्यामागून प्रवास करायचा. तिची पेटी सातेरीच्या कितीतरी पट मध देते. सातेरीच्या पेटीतून पाच-सात किलो आले तरी वर्ष चांगलं म्हणायचं. मग मेलिफेराच का नको, असा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षण वर्गात कोणीतरी विचारतोच. लेखिकेचं उत्तर मला पटतं. मेलिफेराला सलग आणि भरपूर फुलोरा लागतो, तो नसेल तर तिला हलवावं लागतं. दीड एकरावर घर करून राहणाऱ्याला ते जमत नाही. सातेरी थोड्याथोडक्या, विखुरलेल्या फुलांवर भागवते. वरोआ नावाच्या गोचिडीचं मूळ घर सातेरीच. हजारो वर्षांच्या सहवासात सातेरी माश्या एकमेकींची अंगं साफ करून या शत्रूला काबूत ठेवायला शिकल्या, तर मेलिफेरा औषधाशिवाय त्यापुढे टिकत नाही. अर्थात सातेरीलाही तिचं दुखणं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूरोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतांश वसाहती संपवल्या. शिवाय ती रुसते. पेटी वारंवार उघडली, मुंग्या लागल्या, मेणपतंगाची अळी पोळ्यात शिरली, खायला कमी पडलं, की अख्खी वसाहत एका दुपारी उठून निघून जाते.

तिसरा प्रवाह आग्या माशीचा मध काढणाऱ्यांचा आहे: कातकरी, महादेव कोळी, मेळघाटातले कोरकू. रात्री मशालीने पोळं जाळण्याऐवजी जाळीचे कपडे घालून दिवसा फक्त मधाचा भाग कापायचा आणि पिलाव्याचा तसाच ठेवायचा, असं प्रशिक्षण विदर्भात दिलं गेलं आहे. हे पुस्तक त्यात शिरत नाही. तो विषय वेगळ्या पुस्तकाचा, आणि तो त्या लोकांनीच लिहायला हवा.

माशी आपल्या मैत्रिणींना फुलांची दिशा आणि अंतर नाचून सांगते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलं, त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. या वह्यांत त्या नाचाची वर्णनं आहेत. चौकट उचलून पाहताना एक माशी उत्तरेकडचा रोख सांगत थरथरत होती. दुसऱ्या दिवशी लेखिका त्या रोखाने चालत गेली तर नदीकाठी जांभळी फुललेल्या. असं काही वाचलं की वाटतं, पुस्तकी ज्ञान जमिनीवर उतरतं ते असं.

दोन्ही जीव एका वाडीवर आले की जे घडतं, ते इतर पुस्तिकांत मला कुठे सापडलं नाही. आषाढातल्या उघडिपीत, रानात फूल नसताना, माश्या कोंबड्यांच्या घमेल्यावर उतरतात आणि कोंड्याची, मक्याच्या भरड्याची धूळ परागासारखी पायांवर भरून नेतात. त्या तिथे दिसल्या की समजावं, पेटीत परागाची उपासमार आहे. उन्हाळ्यात त्या कोंबड्यांच्या पाण्यावर येतात आणि बुडतात. भांड्यात चार खडे किंवा नारळाची सोडणं टाकली की प्रश्न मिटतो. पेट्या कमरेएवढ्या उंच घोडीवर असल्या तर खालची जमीन कोंबड्या उकरून स्वच्छ ठेवतात. मेणपतंगाच्या पडलेल्या अळ्या, मुंग्या, वसाहतीने हाकलून दिलेले नर, सगळं त्यांच्या पोटात जातं. वेडा राघू आणि कोतवाल येऊन उडत्या माश्या टिपतात, तेव्हा मात्र कोंबड्यांचा काही उपयोग नाही. खुराड्यातलं खत कुजवून माडाला जातं, माडाच्या फुलोऱ्यावर माश्या येतात. या साखळीबद्दल लेखिकेने एक शब्दही भारावून लिहिलेला नाही. कधी काय दिसलं, एवढंच आहे.

आजच हे पुस्तक का, याचं उत्तर फवारणीत आहे. पौष-माघात कोकणात आंब्याला मोहर येतो, आणि तुडतुडे व भुरीपासून तो वाचवायला बागायतदार औषध मारतात. त्यांचं वर्ष त्या मोहरावर उभं असतं, म्हणून त्यांना दोष देणं सोपं पण अन्यायाचं आहे. मोहर पूर्ण उमललेला असताना फवारू नये, फवारायचंच तर माश्या परतल्यावर संध्याकाळी, हा शास्त्रज्ञांचा सल्ला कागदावर आहेच. तो पाळला जावा यासाठी कोणीतरी शेजाऱ्याच्या ओटीवर जाऊन बसावं लागतं. या वाडीच्या आसपास तीन बागायतदार आता आदल्या दिवशी फोन करतात आणि लेखिका पेट्यांची दारं जाळीने बंद करते. ही व्यवस्था उभी राहायला पाच वर्षं लागली. मधली दोन वर्षं पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा थर होता. त्या दोन वर्षांच्या नोंदी वाचणं कठीण आहे, आणि त्या जशाच्या तशा छापल्या याबद्दल मी लेखिकेचा आदर करतो.

दुसरं कारण बाजाराचं. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने तपासलेल्या १३ ब्रँडच्या मधांपैकी सगळ्या चाचण्यांत फक्त ३ उतरले. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचं त्या संस्थेने सांगितलं. अशा वेळी मध म्हणजे काय, हे ज्याने त्याने डोळ्यांनी पाहिलेलं बरं. माशी मधातलं पाणी पंखांनी वारा घालून उडवते आणि मध पिकला की त्या घरावर मेणाचं झाकण लावते. झाकण लागण्याआधी काढलेला मध पातळ असतो आणि आंबतो. पावसाळ्यात वसाहत जगावी म्हणून साखरेचा पाक द्यावाच लागतो, पण त्या पाकाचं पोळ्यात जे साठतं ते मध नव्हे. पाक कधी थांबवला आणि पहिला मध कधी काढला, या दोन तारखा लेखिका प्रत्येक बाटलीवर लिहिते. सबंध राज्यात ही पद्धत पडावी असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकाची मांडणी महिन्यांनुसार आहे, ज्येष्ठापासून ज्येष्ठापर्यंत. सुरुवात पावसाळ्याने व्हावी हा आग्रह लेखिकेचा, आणि तो बरोबर आहे, कारण कोकणात या दोन्ही जीवांची परीक्षा पावसातच होते. खुराड्यातल्या ओल्या गादीतून रक्ती हगवण येते, भुकेतून वसाहत उठून जाते. कोंबडा कापण्याचा प्रसंगही इथे लपवलेला नाही. गावच्या राखणेला कोंबडा द्यायचा की नाही यावर घरात झालेला वाद दोन्ही बाजूंनी, कोणाला खाली न पाडता लिहिला आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनीही तो भाग वाचावा. भाषेबद्दलही सांगायला हवं. पिलावा, मधकोठी, राणीजाळी, खुडूक, डालगं हे शब्द लेखिका समजावत बसत नाही, काम करता करता वापरते. दहाव्या पानापर्यंत ते वाचकाचे होतात.

जमाखर्चाची पानं शेवटी आहेत आणि ती प्रामाणिक आहेत. अकरा वर्षांपैकी तीन वर्षं तोटा. पूर्ण संसार यावर चालेल असं वचन हे पुस्तक देत नाही. ज्यांना शंभर पेट्यांचा किंवा हजार पक्ष्यांचा धंदा करायचा आहे, त्यांच्यासाठी दुसरी चांगली पुस्तकं आहेत. त्यांनी ती घ्यावीत.

माझ्या पहिल्या पेटीची गोष्ट सांगून थांबतो. मे महिन्याच्या शेवटी एका प्रशिक्षण वर्गात ती मला हौसेने देण्यात आली आणि मी ती तितक्याच हौसेने घेतली. पावसाळा तोंडावर आहे, हे तिथे कोणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. श्रावणातल्या एका दुपारी पाहिलं तर चौकटी रिकाम्या होत्या आणि पोळ्यांत मेणपतंगाची जाळी पसरली होती. तेव्हा हे पुस्तक असतं तर ती वसाहत जगली असती. म्हणून ज्यांना पेटी आणायची आहे त्यांना एवढंच सांगतो: आषाढ आणि श्रावणाची प्रकरणं आधी वाचा, भोवतालच्या किलोमीटरभर शिवारात कोण कधी काय फवारतं ते विचारून या, आणि पाऊस पूर्ण सरल्यावर, कार्तिकात, पहिली पेटी घरी आणा.